अनुदान सांगाड्याला, अभ्यासाला काय?

पॉलिहाऊसचं अनुदान पाइपांना मिळतं, वरच्या कागदाला मिळतं. आत पांढरी माशी शिरली की शेतकरी एकटा. तो औषधाच्या दुकानात जातो आणि दुकानदार देईल ती बाटली घेऊन येतो. हे बदलायला हवं, आणि ते बदलता येतं.

लंडनच्या उत्तरेला चेशंट इथे काचघरांतल्या पिकांसाठी एक संशोधन केंद्र होतं. 1926 मध्ये टोमॅटो पिकवणाऱ्या एका बागायतदाराला पानांमागची पांढऱ्या माशीची काही पिल्लं चक्क काळी दिसली. त्याने ती केंद्रातले कीटकशास्त्रज्ञ ई. आर. स्पायर यांच्यापर्यंत पोहोचवली. पिल्लं काळी पडायला कारण होती मिलिमीटरभरही नसलेली एक गांधीलमाशी, एन्कार्सिया फॉर्मोसा. ती पांढऱ्या माशीच्या पिल्लात अंडं घालते, आतली अळी पिल्लाला खाऊन वाढते. हिच्यात नर जवळजवळ नसतातच. मादी एकटीच पुढच्या माद्या जन्माला घालते. काही वर्षांतच केंद्र बागायतदारांना दरसाल सुमारे 15 लाख गांधीलमाश्या पुरवू लागलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आलं आणि 1949 मध्ये हा पुरवठा थांबला. स्वस्त औषध मिळालं म्हणून हातातलं ज्ञान कपाटात ठेवलं, याची मला चीड येते. कारण पुढे लाल कोळी ही दुसरी कीड औषधांना दाद देईना. त्याला खाणारा फायटोसेइयुलस हा दुसरा कोळी काचघरांत सोडू लागले, तर पांढऱ्या माशीवर फवारलं की तोच मरायचा. शेवटी सत्तरच्या दशकात गांधीलमाशी परत आणावी लागली. ऐंशीच्या दशकात टोमॅटोच्या परागीभवनासाठी भुंग्यांच्या पेट्या आल्या आणि जहाल फवारण्या आणखी मागे पडल्या.

मग तीच गांधीलमाशी आपण मागवावी का? तेवढ्याने भागणार नाही. आपल्याकडे मुख्यतः बेमिसिया टॅबॅसी ही पांढऱ्या माशीची वेगळी जात छळते, आणि तिच्यावर एन्कार्सिया फॉर्मोसा कमी पडते. मावळातल्या पॉलिहाऊसची हवाही इंग्लंडच्या काचघरासारखी नाही. इथला मित्रकीटक इथेच शोधावा लागेल, त्याची पैदास करावी लागेल, कोणत्या औषधाने तो मरतो हे पिकागणिक तपासावं लागेल. हे एका हंगामाचं काम नाही. तीन वर्षांचा प्रकल्प संपला, माणूस घरी गेला, अहवाल छापला, असं करून ते होणारच नाही.

म्हणून मागणी सरळ आहे. पॉलिहाऊसच्या प्रत्येक अनुदानातला ठरावीक हिस्सा या संशोधनासाठी बाजूला काढा, कायम पदं भरा, कामावर देखरेखीला पॉलिहाऊसवाले शेतकरी घ्या. आणि शेतकरी शंका येऊन एखादं पान तोडून घेऊन आला, तर ते भिंगाखाली धरून पाहणारा कीटकशास्त्रज्ञ त्याला तालुक्यातच भेटू द्या.