बोंबील राखण्याची पहिली शिकवणी

हा अभ्यासक्रम बोईसरला नोकरीसाठी नव्याने आलेल्या, एमआयडीसीतल्या पाळ्या सांभाळून उरलेल्या वेळात पक्ष्यांची अक्कल तपासू पाहणाऱ्या माणसासाठी आहे. दुर्बीण नको. ओले बोंबील, दोरी, काठी, प्लास्टिकची खुर्ची आणि अपमान गिळायची तयारी, एवढं सामान पुरे.

आधी सातपाटीला जाऊन वलांडी बघून यावी. बांबूंच्या त्या मांडवावर बोंबील जोडीजोडीने, जबड्यात जबडा अडकवून टांगलेले असतात, आणि खाली बसलेल्या मावशी गप्पा मारता मारता मान न वळवता कावळा हाकलतात. हे आपल्यालाही जमेल असं वाटू लागलं की प्रवेश पक्का झाला. घरी येऊन गच्चीवर दोरी बांधावी, बोंबील टांगावेत आणि खुर्ची टाकून राखणीला बसावं.

कावळा येईल आणि पाण्याच्या टाकीवर बसेल. बोंबलांकडे तो फारसं बघणार नाही. बघेल ते तुमच्याकडे. मोबाइलसाठी मान किती वेळा खाली जाते, ऊन चढल्यावर डोळा कधी लागतो, याची पाहणी झाली की दुसऱ्याला बोलावणं जाईल. एक जण समोर नाचेल, दुसरा मागून काम उरकेल. दगड उचलायला वाकलात तर दोघेही उडतील. चपलेचा पट्टा लावायला वाकलात तरी उडतील, पण हात रिकामा दिसताच परततील. टाकीत पोळीचा तुकडा तरंगताना दिसला तर प्लंबरला फोन करू नये. कडक झालेला घास पाण्यात बुडवून मऊ करायचं कावळ्याला कोणी शिकवावं लागत नाही.

काठी मात्र जपून उगारावी. अमेरिकेत सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन मार्झ्लफ यांनी २००६ साली आदिमानवाचा मुखवटा घालून काही कावळे पकडले आणि सोडून दिले. पुढे तो मुखवटा कोणीही घालून आवारात फिरलं तरी कावळे त्याच्यावर ओरडत. जे कधी पकडलेच गेले नव्हते, तेही त्यात सामील होत. तुलनेसाठी दुसरा मुखवटा वापरला होता तो तत्कालीन उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांचा, आणि त्याच्या वाट्याला एवढा राग आला नाही. तिथला कावळा जातीने वेगळा, हे खरं. पण आपला कावळा या बाबतीत मागे असेल, अशा भरवशावर गच्ची सोडू नये.

दुसरा धडा पावसाळ्यातला, आवणीच्या म्हणजे भातलावणीच्या दिवसांत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि बोंबील सुकवायला ऊनही नसतं, त्यामुळे वर्ग शेतात भरतो. उमरोळी किंवा वाणगावला उतरून चिखलणी चाललेलं शेत गाठावं. पॉवर टिलरमागे जी पांढरी रांग चालते ते गायबगळे. पूर्वी ते बैलामागे चालत. चिखल उलटला की किडे, बेडूक वर येतात, आणि कमी पावलांत जास्त पोट भरतं. बैल गेला म्हणून बगळा हळहळत बसला नाही, डिझेलचा वास त्याने बिनतक्रार स्वीकारला.

तारेवर काळा, दुभंगलेल्या शेपटीचा कोतवाल दिसेल. नाव पोलिसाचं असलं तरी वागणुकीची खातरी देता येत नाही. एरवी तो किडे पकडून सरळ मार्गाने पोट भरतो, पण कधी कधी शिक्र्याची हाक काढतो. साळुंक्या घाबरून पळतात आणि त्यांच्या चोचीतलं पडलेलं याच्या तोंडी लागतं. आफ्रिकेतल्या कालाहारीत त्याच्या भाऊबंदांवर अभ्यास झाला आहे. तिथले कोतवाल खोट्या हाका मारून जवळजवळ पाव अन्न असं लुबाडतात. रोज तीच हाक ऐकून कोणी फसेनासं झालं, तर हाक बदलतात. हा प्रकार पाहून कोणाला आपल्या ओळखीचं कोणी आठवलं, तर ते वहीत लिहू नये.

तिसरा धडा केळव्याच्या किंवा चिंचणीच्या किनाऱ्यावर, ओहोटीला. चिखलात चोच खुपसत धावणारे छोटे पाणपक्षी डोळ्यांनी थोडं आणि चोचीच्या टोकाने जास्त शोधतात. ते टोक इतकं हळवं असतं की आत दडलेला किडा त्याला कळतो. ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते. उधाणाची भरती कधी, भांगाची कधी, हे कोळी तिथीवरून सांगतो. पक्षी विचारत नाही, वेळेवर हजर असतो. डहाणू लोकल २०१३ पासून धावते आहे आणि आपण अजून फलाटावर उभे राहून पुढची कधी ते विचारतो.

परीक्षा भाद्रपदात, पितृपक्षात. वर्षभर जिथे काठी उगारली त्याच गच्चीवर आता खीर-वडे वाढलेलं पान घेऊन उभं राहायचं आणि काव काव करून आर्जवं करायची. कावळा टाकीवर असेल. तुम्हाला ओळखेल, आणि बसून राहील. आजोबांची कुठली इच्छा राहिली याचा खल घरात सुरू होईल. त्यात पडू नये. काठी कधीच न उगारलेल्या एखाद्या शेजाऱ्याच्या हातात पान द्यावं आणि आपण जिन्यात थांबावं. शेजारी घरी नसेल तर राहिला डिक चेनींचा मुखवटा. तो बोईसरच्या बाजारात मिळत नाही.