नियम क्रमांक ६३

मुलाकडे सहा महिने राहून आलेली माणसं आमच्या नेरूळमध्ये काही कमी नाहीत. कुणी बदाम आणतं, कुणी गुडघ्यांच्या गोळ्यांची बरणीएवढी बाटली आणतं, आणि पहिले पंधरा दिवस ‘तिकडे हॉर्न म्हणून वाजवत नाहीत हो’ हे ऐकवतं. सोळाव्या दिवशी तोच माणूस पाम बीच रोडवर हॉर्न वाजवताना दिसतो आणि प्रकरण मिटतं. आमच्या पहिल्या मजल्यावरचे आप्पा २०१३ च्या जूनमध्ये टोरांटोहून परतले, त्यांचं मात्र अजून मिटलेलं नाही. त्यांना आइस हॉकीचा एक संघ लागला. भूत लागतं, तसा.

संघाचं नाव टोरांटो मेपल लीफ्स. सगळे विचारतात तेच मीही पहिल्या दिवशी विचारलं, “आप्पा, लीफचं अनेकवचन लीव्ह्ज ना?” आप्पांनी चष्मा पुसला. “विशेषनाम आहे ते. जांभळे आडनावाचा एकटा गृहस्थ दारात आला, तर तू त्याला ‘या जांभूळ’ म्हणतोस का?”

हा संघ शेवटचा जिंकला १९६७ साली. त्या वर्षी मे महिन्यात लीफ्सनी स्टॅनली कप उचलला आणि डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला. दोन्ही पुन्हा झालं नाही, असं आप्पा म्हणतात. कोयनेबाबत ते चुकतात, तिथे लहानसहान धक्के अजून बसतात. लीफ्सबाबत बरोबर आहेत. तेव्हा लीगमध्ये मोजून सहा संघ होते, आज बत्तीस आहेत. सिडको स्थापन व्हायलाही तेव्हा तीन वर्षं अवकाश होता. म्हणजे सबंध नवी मुंबई खाडीकाठी उभी राहिली, तिला नोड झाले, सेक्टर झाले, पार्किंगची भांडणं झाली, तरी टोरांटोत कप काही आला नाही. इतका जुना दुष्काळ दुसऱ्या कुणी अंगावर घेतला नसता. पण आप्पा ऑडिट खात्यातून निवृत्त झालेले. जुनी, प्रलंबित, कुणी हात न लावलेली फाइल दिसली की त्यांचे डोळे चमकतात.

लागण झाली ती रात्रही त्यांना घड्याळासकट पाठ आहे. १३ मे २०१३, बॉस्टनविरुद्ध सातवा आणि निर्णायक सामना. आप्पा मुलाच्या घरी सोफ्यावर नुसतेच बसलेले. तिसऱ्या सत्रात लीफ्स चार-एक पुढे. सूनबाई म्हणाल्या, “बाबा, तुम्ही आलात आणि आपण जिंकतोय!” आप्पांनी उठून देवापुढच्या पेढ्यांचा डबा उघडला. त्या डब्याचं झाकण आणि टोरांटोचा बचाव एकदमच उघडला, असं आप्पांच्या सौ., म्हणजे आमच्या काकू, सांगतात. बॉस्टननं आधी एक गोल केला. मग आपला गोलकीपरच बाहेर काढून त्याच्या जागी जादा हल्लेखोर घातला, आणि शेवटच्या दीड मिनिटात दोन गोल मारले. जादा वेळेत पाचवा. “गोलकीपर काढून घेतला रे!” हे सांगताना आप्पांचा आवाज आजही कापतो. “दरवाजा सताड उघडा टाकून माणूस चोर पकडायला धावतो आणि चोर सापडतो, हे कुठल्या नियमात बसतं?”

नियमात बसतं, हे त्यांना त्याच रात्री कळलं आणि नियमांचाच नाद लागला. परत आल्यावर त्यांनी स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून अख्खं नियमपुस्तक छापून घेतलं, स्पायरल बाइंडिंग केलं आणि लाल पेन घेऊन बसले. समासात आक्षेप आहेत. सगळ्यात मोठा आक्षेप गुणांच्या हिशेबाला. जिंकणाऱ्याला दोन गुण, हरणाऱ्याला शून्य, इथवर ठीक. पण साठ मिनिटांत बरोबरी झाली आणि नंतर जादा वेळेत हरलात तर हरणाऱ्यालाही एक गुण. “म्हणजे एका सामन्यात दोन गुण वाटले, दुसऱ्यात तीन. हा तिसरा गुण आला कुठून? कुठल्या हेडखाली? मंजुरी कुणाची?” असा सवाल ते ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या ट्रॅकवर, फ्लेमिंगोंच्या साक्षीनं, आम्हा चौघांना करतात. आम्ही चौघे मधुमेही. आम्हाला चालायचं असतं. मात्र लीफ्स जादा वेळेत हरले, की त्या दिवशी तोच गुण “नैतिकदृष्ट्या योग्य” असतो.

मूळचे अलिबागकडचे असल्यामुळे आप्पांची समजूत सगळी कबड्डीच्या वाटेनं चालते, आणि खरं सांगायचं तर मला आइस हॉकी समजली ती त्यांच्यामुळेच. एका बाजूचे सहा गडी, त्यातला एक गोलकीपर. कुणी काठी अडकवून पाडलं, तर त्याला दोन मिनिटं काचेमागच्या कोठडीत बसवतात आणि संघ एक गडी कमी घेऊन खेळतो. “कबड्डीत आपण गुण घेतला की आपला बाद गडी आत येतो. बरोबर? संजीवनी. इथे उलटं. समोरच्यांनी आपल्यावर गोल केला की आपला गडी सुटतो. घर जळलं की कर्ज माफ!” आणि मारामारी? मारामारीला पाच मिनिटं. मधे कितीही गोल झाले तरी सुटका नाही. “ती गामिनी, संजीवनी नसलेली कबड्डी,” आप्पा शांतपणे सांगतात. हातमोजे फेकून दोघं गुद्दे घालत असतात, पंच बाजूला उभे राहून ते दमायची वाट बघतात, मग दोघांना शेजारशेजारच्या कोठड्यांत बसवतात आणि पाच मिनिटांनी दोघंही परत खेळायला. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला ही पद्धत लावावी, असं आप्पांनी लेखी सुचवलंय. सेक्रेटरींनी ते पत्र फाइलला लावलं. फाइल त्यांच्याकडेच आहे.

टोरांटोत संध्याकाळी सात वाजता खेळ सुरू होतो, तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे पहाटेचे साडेपाच झालेले असतात. मार्चमध्ये तिकडची घड्याळं पुढे सरकतात आणि बाद फेरी येईतो इकडे साडेचार. काकडआरतीची वेळ. अंधारात आप्पा निळी जर्सी घालून बसतात. ती शिवलीय बर्फाळ रिंगणासाठी, आणि नेरूळमधला एप्रिल म्हणजे उकडीच्या मोदकाचं भांडं. पंखा पाचवर, आप्पा घामानं निथळलेले, समोर पडद्यावर माणसं तोंडातून वाफा काढतायत. जर्सीवर मागे ‘मार्नर’ असं नाव होतं. नातवानं हौसेनं दिलेली. २०२५ च्या उन्हाळ्यात तो खेळाडू लास व्हेगासला गेला. आप्पांनी जर्सी टाकायला काढली, काकूंनी ती हातातून घेतली आणि नावावर पोलक्याच्या अस्तराचं ठिगळ शिवलं. आता पाठीवर नुसता सोळा आकडा आणि वर निळसर चौकोन आहे. लांबून कुरियरवाल्यासारखे दिसतात.

बाद फेरीत खेळाडू दाढी करत नाहीत, हरेपर्यंत वाढवतात, ही तिकडची रीत. आप्पाही पाळतात. नवीन राहायला आलेल्या जोशीकाकूंना वाटलं सुतक आहे. आमच्या न्हाव्याला मात्र पहिल्या काही वर्षांतच अंदाज आला. ती दाढी २०२३ पर्यंत कधी दोन आठवड्यांपलीकडे गेली नाही, कारण पहिली फेरी तेवढीच चालते. २०१७ मध्ये पहिल्या फेरीत बाहेर. २०१८ मध्ये बाहेर, २०१९ मध्ये बाहेर, दोन्ही वेळा बॉस्टनकडूनच. २०२१ मध्ये मॉन्ट्रियलविरुद्ध तीन-एक आघाडी घेऊन बाहेर. २०२३ मध्ये एकदाचे पहिली फेरी जिंकले, २००४ नंतर प्रथमच. आप्पांनी इमारतीत पेढे वाटले. लोकांनी ‘नातू झाला का?’ विचारून अभिनंदन केलं. त्यांनीही ते स्वीकारलं, समजावून सांगण्यात अर्थ नव्हता. पुढच्या फेरीत फ्लोरिडानं पाच सामन्यांत निकाल लावला. पेढे आणि पराभव यांचा संबंध सिद्ध झाल्याचं काकूंनी जाहीर केलं. तेव्हापासून त्या घरात गोड फक्त हंगाम संपल्यावर होतं.

अपयशाची कारणमीमांसा मागितली तर आप्पा दोन कलमं काढतात. पहिलं, पगाराची कमाल मर्यादा. २००४-०५ चा अख्खा हंगाम मालक-खेळाडूंच्या भांडणात वाया गेला आणि नंतर प्रत्येक संघाच्या पगारखर्चावर वरची रेघ आली. टोरांटो लीगमधल्या गडगंज संघांपैकी एक, पण पैसा असून खर्चता येत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जादा खर्चावर शेरे मारलेला हा माणूस इथे मात्र “मर्यादा म्हणजे सरळसरळ अन्याय” म्हणतो. दुसरं कलम सोडतीचं. नवे खेळाडू निवडताना वाईट संघांना आधी संधी, आणि पहिला नंबर कुणाचा ते चिठ्ठीवर. आम्ही म्हटलं, हा तर हरण्याला इनाम. आप्पा भडकले. “मला हे घर सिडकोच्या सोडतीत लागलं! सोडतीला नावं ठेवायची नाहीत.” त्यात २०१६ ला ती सोडत टोरांटोलाच लागलेली. त्यांनी ऑस्टन मॅथ्यूज घेतला, अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात वाढलेला पोरगा. त्यानं २०२३-२४ मध्ये ६९ गोल केले. त्या साली संघ पहिल्याच फेरीत बाहेर पडला. बॉस्टनकडून.

त्यांची आणखी एक खंत आहे, आणि त्यात मी त्यांच्या बाजूनं आहे. कॅनडात २००८ पासून आइस हॉकीचं पंजाबीत समालोचन होतं. हरनारायण सिंग यांनी २०१६ च्या अंतिम फेरीत बोनिनो नावाच्या खेळाडूच्या गोलवर त्याच्या नावाचा असा काही जप केला की तो जगभर ऐकला गेला. “पंजाब्यांना जमतं, मग आपल्याला का नाही?” आप्पांनी स्वतः सराव चालू केला. पहाटे पाच वाजता खालच्या मजल्यावरून “डावीकडून चढाई, पास, पास, अरे पास दे मेल्या” असं ऐकू येतं. काकू म्हणतात, “तुम्हीच बोलणार, तुम्हीच ऐकणार. त्याला समालोचन नाही, भ्रमिष्टपणा म्हणतात.”

२०२५ च्या २ नोव्हेंबरला आमच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. २००५ आणि २०१७ च्या अंतिम पराभवांनंतर पहिला. मध्यरात्री सगळं नेरूळ रस्त्यावर, फटाके, ढोल. आप्पा गॅलरीत एकटेच उभे. म्हटलं, “आप्पा, आपण जिंकलो!” म्हणाले, “हो हो, छान झालं. पण ती दक्षिण आफ्रिकेची व्होल्वार्ट रे. अंतिम सामन्यात शंभर केले आणि हरली.” तिरंगा हातात होता, तो हलवतही होते. इतक्या वर्षांत हरणाऱ्याच्या बाजूनं बघायची सवयच झालीय मानेला. त्याच वर्षी बेंगळुरूचा संघही अठराव्या हंगामात एकदाचा आयपीएल जिंकला होता. त्या दिवशी तर ते उघड नाराज होते. एक जोडीदार गेला.

आता त्रेसष्टाबद्दल. नियमपुस्तकात सगळ्यात जास्त लाल शाई याच पानावर आहे. खेळात दिरंगाई. आपल्या बचावक्षेत्रातून कुणी पक, म्हणजे ती रबराची चकती, थेट काचेवरून प्रेक्षकांत उडवली, तर दोन मिनिटं कोठडी. मुद्दाम उडवली की हातून निसटली, याची चौकशी नाही. “हेतू न तपासता शिक्षा? नैसर्गिक न्याय कुठे गेला?” हे ते दर आठवड्याला विचारतात.

गंमत अशी की हाच नियम नेरूळमध्ये त्यांनी स्वतः केलाय. ते सोसायटीचे अध्यक्ष असताना पोरांच्या क्रिकेटसाठी फलकावर नोटीस लागली होती: चेंडू कंपाउंडपलीकडे शेजारच्या सोसायटीत गेल्यास फलंदाज बाद, कारण विचारात घेतले जाणार नाही. खाली त्यांची सही. गेल्या मेच्या सुट्टीत दुसऱ्या मजल्यावरच्या नववीतल्या पोरीनं ती नोटीस आणि ते स्पायरल पुस्तक, दोन्ही शेजारी शेजारी धरून त्यांना दाखवलं. आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “बाद रद्द. दोन मिनिटं बाहेर.”

तेव्हापासून आमच्या आवारात क्रिकेटचा जो प्रकार चालतो तो जगात इतरत्र नसावा. वॉचमनच्या केबिनजवळचा सिमेंटचा कट्टा ही कोठडी. चेंडू भिंतीपलीकडे घालवला की त्या पोरानं तिथे बसायचं. दुसऱ्या कुणी चौकार मारला की सुटका. घड्याळ वॉचमनकडे. पोरं शिट्टीशिवाय भांडेनाशी झालीत.

परवा आप्पा पंच होते. वादाचा मुद्दा यॉर्कर होता की नोबॉल. आप्पांनी खेळ थांबवला, पोरांना गोल बसवलं आणि नोबॉलवरून हॉकीतल्या आइसिंगवर, आइसिंगवरून ऑफसाइडवर, तिथून १९६७ वर गेले. अंधार पडायला आला. नववीतली पोरगी उठली, पुस्तक उघडून म्हणाली, “आप्पा, नियम त्रेसष्ट. खेळात दिरंगाई.”

आप्पांनी पान पाहिलं. आपलाच लाल आक्षेप वाचला. वॉचमनकडे शिट्टी दिली आणि कट्ट्यावर जाऊन बसले, पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. वरून काकूंनी हाक मारली, “अहो, चहा निवतोय.” आप्पांनी न बोलता दोन बोटं वर केली. मी म्हटलं, “आप्पा, या आता, गंमत केली पोरांनी.” ते नजर मैदानावरून न हलवता म्हणाले, “गप रे. अजून चौकार कुठे बसलाय?”