यादीत नसलेला एक कागद

रा. रा. व्हिसा अधिकारी साहेब (किंवा बाईसाहेब, आपलं दर्शन कधी घडत नसल्यामुळे दोन्ही लिहितो) यांच्या सेवेशी,

सा. न. वि. वि.

आपल्या यादीप्रमाणे कव्हर लेटर जोडलेलं आहेच. एक पान, टाइप केलेलं, खाली सही. त्यात मी इतका सरळमार्गी दिसतो की आमच्या हिने ते वाचून विचारलं, “हा कोण?” हे दुसरं पत्र मात्र यादीत नाही. यादीत नसलेला कागद व्हिसा केंद्राच्या खिडकीवरची मुलगी तिथल्या तिथे बाजूला काढते, म्हणून ते असं चारचौघांत लिहावं लागतंय. आपल्या देशाचं नाव घेत नाही. माझा पासपोर्ट अजून आपल्या ताब्यात आहे.

मी मूळचा चिपळूणचा. राहतो शारजात, नोकरी दुबईत, त्यामुळे खरा पत्ता त्या दोघांमधल्या रस्त्यावरचा. प्रदर्शनांचे स्टॉल उभारणाऱ्या एका कंपनीचे हिशेब सांभाळतो. आपल्या फॉर्मात या सगळ्यासाठी एकच रकाना आहे: नागरिकत्वाच्या देशाखेरीज दुसऱ्या देशात राहता का? राहत असल्यास परवान्याचा क्रमांक, आणि तो कधीपर्यंत चालेल ती तारीख. सगळा संसार त्या रकान्यात भरला, तरी थोडी जागा उरलीच.

फाईल मात्र जाडजूड झाली आहे. बँकेचं स्टेटमेंट, पानापानावर शिक्का. कंपनीची एनओसी, आपल्याच कॉन्सुलेटच्या नावे. घराचा करार. एमिरेट्स आयडी, पुढून आणि मागून. ३०,००० युरोंचा प्रवास विमा. लग्नाचा दाखला, ज्यावर मंत्रालयापासून इथल्या परराष्ट्र खात्यापर्यंत सगळ्यांनी आपापला शिक्का मारला आहे. आमच्या लग्नाला इतकी साक्षीदार मंडळी मांडवातही नव्हती. त्या दाखल्यात बायकोच्या नावापुढे तिचे वडील आहेत, पासपोर्टात मी आहे, आणि दोन्हीकडची बाई एकच आहे हे सांगणारा आणखी एक कागद.

आणि तिकीट. आपण म्हणता, व्हिसा हातात पडेपर्यंत तिकीट काढू नका, नुसतं आरक्षण दाखवा. पैसे भरल्याशिवाय आरक्षण कोण देतो? दुबईच्या करामा भागातला टायपिंग सेंटरवाला देतो. अशा आरक्षणाला इथे सगळे ‘डमी’ म्हणतात. काही दिवसांत ते आपोआप रद्द होतं. म्हणजे मी परत कधी येणार हे आपल्याला ज्या कागदावरून कळतं, तो कागद आपण वाचेपर्यंत मेलेला असतो. हे आपल्याला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, टायपिंगवाल्याला तर आहेच. तरी तिघेही गंभीर चेहऱ्याने आपापलं काम करतो.

या टायपिंगवाल्यामुळेच माझ्या सहलीतलं एक गाव गेलं. मला शेंगेन बघायचं होतं, आपल्या व्हिसाला ज्याचं नाव आहे तेच. हसू नका. लक्झेंबर्गमध्ये मोझेल नदीकाठी द्राक्षमळ्यांचं ते एक लहानसं खेडं आहे. नदीपलीकडे जर्मनी, बाजूला फ्रान्स. १४ जून १९८५ रोजी पाच देशांच्या प्रतिनिधींनी तिथे ‘प्रिन्सेस मारी-ॲस्ट्रिड’ नावाच्या बोटीवर बसून आपसांतल्या सरहद्दींवरची तपासणी काढून टाकण्याच्या करारावर सह्या केल्या. करार प्रत्यक्षात १९९५ साली अमलात आला. आज २९ देश त्यात आहेत. ज्या गावाचं नाव काढलं की इथल्या माणसाला बँक स्टेटमेंट आठवतं, ते गाव आहे तरी कसं, हे बघायला एक रात्र तिथे राहायचं ठरवलं होतं. टायपिंगवाल्या मल्याळी गृहस्थांनी कीबोर्डवरून हात उचलले. “भाईसाब, ज्यांच्याकडे अर्ज, त्यांच्याकडे जास्त रात्री. एक रात्र इकडची तिकडे गेली की हिशेब फिरतो. वर ते विचारणार, शेंगेनमध्ये बघण्यासारखं काय आहे? उत्तर आहे तुमच्याकडे?” नव्हतं. काढलं. त्या जागी त्यांनी एक प्रसिद्ध संग्रहालय टाकलं, ज्यात मला काडीचा रस नाही. खरं कुतूहल संशयास्पद दिसतं आणि दुसऱ्याने टाइप केलेलं कुतूहल नियमात बसतं, हे या व्यवहारातलं मला सगळ्यात आवडलेलं कलम.

आता मुद्द्यावर येतो. आपल्या व्हिसा कोडचं ३२वं कलम सांगतं की मुदत संपायच्या आत अर्जदार परत जाईल की नाही याबद्दल रास्त शंका असेल, तर व्हिसा नाकारावा. नकाराच्या छापील फॉर्मात या शंकेपुढे एक चौकोन असतो आणि त्यात खूण केली की काम झालं. माझं सगळं म्हणणं त्या चौकोनाबद्दल आहे.

साहेब, परत जाण्याच्या बाबतीत शंका, आणि ती आखातातल्या माणसावर? आमचा तर हा खानदानी पेशा. खेड, दापोली, चिपळूण, महाड या पट्ट्यात असं गाव सापडणं कठीण, जिथलं कुणी आखातात नाही. पिढ्या इथे राबल्या. नागरिकत्व मिळालं म्हणाल, तर जवळपास कुणालाच नाही, आणि कुणी त्याची वाटही बघत नाही. बहुतेकांचा व्हिसा नोकरीला बांधलेला. नोकरी गेली, कंपनीच्या पीआरओने व्हिसा कॅन्सल केला, की ठरलेल्या दिवसांत चंबूगबाळं आवरायचं. माणसं मुलांची शाळा अर्ध्यावर सोडवतात, गाडी येईल त्या किमतीला फुंकतात, सोफा वॉचमनला देऊन टाकतात आणि तारखेच्या आत विमानात बसतात, कारण उशिराच्या प्रत्येक दिवसाला दंड आहे. अमिरातीत ३५ लाखांहून जास्त भारतीय आहेत. लग्नाची तारीख विसरलेले त्यांत पुष्कळ सापडतील, व्हिसाची विसरलेले क्वचितच. मुदत संपली की उठून चालू लागण्याचं असं रीतसर शिक्षण जगात आणखी कुठे मिळत असेल तर कळवावं. खरं तर आपल्या खात्याने आम्हाला परीक्षक म्हणून बोलवायला हवं.

माझा प्रश्न वेगळाच आहे. परत म्हणजे कुठे? माझा इथला परवाना सहल संपल्यावर निदान तीन महिने चालला पाहिजे, अशी आपली अट. ठीक. पण तो परवाना देणारा देश मला दोन-दोन वर्षांच्या हप्त्याने ठेवून घेतो आणि मी पाहुणा आहे हे कधी लपवत नाही. ज्या मातीने मूळ धरू द्यायचं नाही असं आधीच सांगून ठेवलंय, तिच्यात माझी मुळं किती खोल गेली आहेत याचा पुरावा आपण मागता. मग म्हटलं, चिपळूणचा सातबारा जोडू. हापूसची कलमं आहेत त्यावर, भावाचं नावही आहे, भांडण मात्र नाही. याहून भक्कम कागद कोकणात निघत नाही. खिडकीवरच्या मुलीने तो नम्रपणे परत केला. तुम्ही तिथे राहत नाही ना, म्हणाली.

माझा साडू दादरला राहतो. (साडूचा विषय निघाल्याशिवाय मराठी माणसाचं गाऱ्हाणं पुरं होत नाही.) तो टूर कंपनीबरोबर जातो. कागद कंपनी गोळा करते, हा फक्त बोटांचे ठसे देतो आणि आल्प्सच्या पायथ्याशी पिठलं-भात खाऊन येतो. एप्रिल २०२४ मध्ये युरोपियन कमिशनने भारतीयांसाठी सवलत काढली: तीन वर्षांत दोन व्हिसा घेऊन नीट वापरले असतील, तर पुढचा दोन वर्षांचा, त्यानंतर पाच वर्षांचा. साडूला तो दोन वर्षांचा मिळाला. मीही माझे व्हिसा नीटच वापरले होते. पण नियम बारकाईने वाचला तेव्हा कळलं की सवलत भारतात राहून भारतातून अर्ज करणाऱ्या भारतीयांना आहे. मला सर्वसाधारण नियमांचा लांबचा जिना. बरं, अमिरातीचा म्हणून काही मिळावं, तर मे २०१५ पासून इथल्या नागरिकांना आपल्याकडे व्हिसाच लागत नाही. माझ्या टेबलासमोरचा अमिराती सहकारी गुरुवारी दुपारी ठरवतो आणि शुक्रवारी रात्री आपल्या नदीकाठी कॉफी पितो. भारतीय म्हणून सूट घ्यावी तर मी भारतात नाही, आणि इथला म्हणून घ्यावी तर मी इथला नाही. साडूसमोर पडती बाजू घेताना माणसाला काय यातना होतात, याचा विचार व्हिसा कोडच्या एकाही कलमात केलेला दिसत नाही.

उलट उदाहरणही आहे. ईदच्या सुट्टीत अर्धं करामा जॉर्जियात, तिबिलिसीला गेलेलं असतं, त्याचं कारण डोंगर नव्हेत. तिथे आखातातला रहिवासी परवाना दाखवला की व्हिसाशिवाय आत घेतात. हाच तो एमिरेट्स आयडी, जो आपल्या फाईलीत झेरॉक्स म्हणून पडलाय.

फीबद्दल तक्रार नाही. जून २०२४ मध्ये ती ८० युरोंवरून ९० झाली आणि नकार आला तरी परत मिळत नाही, हे यादीत स्वच्छ लिहिलेलं आहे. त्या वर्षी जगभरातून सुमारे १ कोटी १७ लाख अर्ज आले. हिशेबनीस असल्यामुळे गुणाकार करायला घेतला, मग पेन ठेवलं.

एका गोष्टीबद्दल मात्र थट्टा करवत नाही. निर्णयाला पंधरा दिवस, लांबला तर पंचेचाळीस, आणि तोवर पासपोर्ट आपल्याकडे. परदेशात राहणाऱ्या प्रत्येकाच्या घरात रात्री-अपरात्री वाजणाऱ्या फोनची धास्ती असते. तिच्यावर एकच उतारा: पासपोर्ट कपाटात आहे आणि मुंबई तीन तासांवर आहे. आपल्याकडे फाईल दिली की तो उतारा संपला. साडूचा पासपोर्ट मुंबईत आपल्या लोकांकडे अडकला, तरी तिथून दादरला जायला त्याला पासपोर्ट लागत नाही. मला चिपळूणला जायला लागतो. अर्ज मागे घेऊन तो परत मागता येतो, पण त्यालाही दिवस लागतात, आणि असे फोन दिवस मोजून येत नाहीत. म्हणून आम्ही सहल उन्हाळा बघून ठरवत नाही. आईचे रिपोर्ट चांगले आले की अर्ज करतो. ती रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर विचारते, “आला का रे पासपोर्ट?” व्हिसाचं तिने अजून एकदाही विचारलेलं नाही.

कळावे. लोभ असावा, लोभ नियमात बसत नसेल तर निदान सिंगल एन्ट्री असावी.

आपला,
परत जाण्यात वाकबगार असा एक अर्जदार

ता. क. : दुबई वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये दरवर्षी ‘अरेबियन ट्रॅव्हल मार्केट’ भरतं. मागे एकदा त्यातला आपल्या पर्यटन मंडळाचा स्टॉल आमच्याच कंपनीने उभारला होता. बिल मीच केलं. रक्कम वेळेवर जमा झाली आणि तिच्यातूनच आमचे पगार निघाले, तेव्हा माझ्या स्टेटमेंटमधल्या पैशांचा उगम विचारायचा झाल्यास कृपया आपल्याच खजिन्यात विचारावा. बिलावर सही घ्यायला स्टॉलवर गेलो तेव्हा तिथल्या मुलीने हातात रंगीत माहितीपत्रक ठेवलं आणि अगदी मनापासून विचारलं, “मग, आमच्याकडे कधी येताय?” मी म्हटलं, कळवतो. तिला काय कळवायचं ते सांगावं.