कच्चं लिंबू आणि अवकाशयुद्ध

दाभोशाला पावसाळ्यात माणसं धबधबा बघायला जातात. लेंडी नदी तिथे 300 फुटांच्या आसपास खाली कोसळते आणि जव्हारकडून आलेली मंडळी तिच्याकडे पाठ करून फोटो काढतात. आम्ही मात्र सतरंजीभर परग्रह घेऊन गेलो होतो. आमच्या एका मित्राने अवकाशयुद्धाचा खेळ रचलाय. दोन सेना, फासे, मोजपट्टी आणि 64 पानी नियमपुस्तक. ते पुस्तक खेळून तपासायचं होतं. शहरात सगळे तिसऱ्या पानावर पळून जातात, म्हणून पळायला जागा नाही असं गाव त्याने निवडलं.

विलायती प्लॅस्टिकचे अवकाशवीर परवडत नाहीत, तेव्हा सैन्य माळ्यावरच्या दिवाळीच्या खोक्यातून आलं. मातीच्या मावळ्यांना चंदेरी रंग फासला. महाराजांना अर्थातच घरीच ठेवलं; त्यांच्यासमोर हा प्रकार करायची कुणाची छाती नव्हती. गवळण परग्रहाची राजदूत झाली आणि किल्ल्याहून मोठा असलेला वाघ रणगाडा.

अशा चाचणीचा दंडक असा, की नियम लिहिणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. खेळणाऱ्यांचं अडलं तर अडू द्यायचं, कारण उद्या गिऱ्हाइकाच्या घरी लेखक काही समजावून सांगायला जाणार नाही. दंडक उत्तम आहे, फक्त तो मराठी माणसाला विचारून केलेला नाही. पहिल्याच चालीला आमचे ग्रंथकार ‘नाही, म्हणजे मला तिथे असं म्हणायचं होतं’ करत उठले. त्यांना पडवीच्या टोकाला, पागोळ्यांशेजारी नेऊन बसवलं.

या छंदाचं गोत्र मोठं आहे. 1824 साली प्रशियाच्या राइसविट्झ नावाच्या लेफ्टनंटने नकाशा आणि फासे घेऊन अधिकाऱ्यांना लढाई शिकवायचा खेळ मांडला. निवाड्याला पंच असे. एच. जी. वेल्सने 1898 साली कादंबरीतून मंगळावरची फौज इंग्लंडवर सोडली, पण 1913 साली ‘लिटल वॉर्स’ हे खेळाचं पुस्तक लिहिलं तेव्हा जमिनीवर मांडले ते साधे शिपाई, घोडेस्वार आणि तोफा. त्या तोफा स्प्रिंगच्या होत्या आणि खरोखर लाकडी गोळी मारत. शिपाई आडवा झाला की मेला. आमच्याकडे ना पंच, ना गोळी. नुसती वकिली.

उदाहरणार्थ, नेम धरायचा तर शिपायाच्या डोळ्यातून शत्रू दिसला पाहिजे. म्हणजे खेळणाऱ्याने पोटावर पालथं पडून, गाल जमिनीला लावून, एक डोळा मिटून बघायचं. सुटलेल्या पोटाची दोन माणसं सारवलेल्या ओटीवर अशी पडलेली पाहून घरच्या आजी लगबगीने बॅटरी घेऊन आल्या. “काय हरवलं रे बाबा?” आम्ही सांगितलं, दिसतंय का ते बघतोय. त्यांनी शांतपणे बॅटरी माझ्या हातात दिली.

सारवलेल्या जमिनीला स्वतःचे चढउतार असतात, त्यामुळे दर तिसरा फासा कशाला तरी टेकून तिरका उभा राही. जात्याला टेकलेला सहा धरायचा की पाच? पुस्तकात उत्तर नव्हतं. पागोळ्यांकडून खाकरल्याचा आवाज आला; आम्ही लक्ष दिलं नाही.

यजमानकाकांनी बराच वेळ बघून एकच विचारलं. “विमान उडतं ना? मग टेकडीला वळसा का घालतंय?” 64 पानं गप्प. त्यांच्या डोळ्यांवर बोहाड्याचे संस्कार. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात मुखवटे घातलेले देव-दानव रात्रभर नाचतात, लढतात आणि शेवटी देवी महिषासुराला मारते. निकाल ठरलेला आणि तरी गर्दी हलत नाही. आमच्या युद्धात निकाल कुणालाच माहीत नव्हता, आणि प्रेक्षक म्हणून एक कोंबडी उरली होती.

मग घरची पोरं आली. थोरल्याने पाच मिनिटांत सगळं हेरलं, माझ्या टेकलेल्या फाशाला ‘रडीचा डाव’ म्हणाला आणि स्वतः भिडू झाला. पाठोपाठ धाकटीला पुढे ढकलून म्हणाला, “हिला पण घ्या. कच्चं लिंबू.” ग्रंथकारांचं मौन सुटलं. “अशी तरतूद नाही!” पोराने त्यांच्याकडे ज्या कीवेने पाहिलं, तशी कीव मी फक्त बँकेच्या काउंटरवर पाहिली आहे. कच्चं लिंबू नसलेला खेळ हा काय खेळ?

धाकटीने गवळण उचलली. मोजपट्टी नाही, फासे नाहीत. तिने सरळ परग्रह ओलांडला, वाटेत वाघाचं नाक पुसलं आणि माझ्या मुख्य तळावर जाऊन बसली. मी तीनदा लेझर चालवला. लिंबू मरत नाही. आम्ही हरलो.

रात्री वीज गेली तेव्हा मेणबत्तीशी बसून ग्रंथकारांनी नवं कलम लिहिलं: प्रत्येक बाजूस एक कच्चं लिंबू राहील व ते मरणार नाही. वयाची अट घालायची राहून गेली. सकाळी चहाला येऊन बघतो तर माझे प्रतिस्पर्धी, वय वर्षे 52, दोन मुलांचे बाप, आपलं नाव त्या रकान्यात लिहून मोकळे झाले होते.