खोक्याची शिस्त

नेटवर्कवरून सुरू होणारे थिन क्लायंट नावाचे खोके म्हणजे आदर्श कनिष्ठ कर्मचाऱ्याचे यंत्ररूप होय. स्वतःची डिस्क नाही. सकाळी नेटवर्कवरून स्वतःचाच पत्ता सर्व्हरला विचारायचा, कार्यप्रणालीही त्याच्याकडूनच उचलायची, मगच डोळे उघडायचे. काम चालते सर्व्हरवर. म्हणून खोक्यात खुपसलेला पेन ड्राइव्ह वीतभर अंतरावर असूनही पडद्यावर दिसत नाही. कोणी म्हणेल, १९९९ साली सुरू झालेल्या एलटीएसपी या थिन क्लायंट चालवणाऱ्या प्रणालीत पुढे असे ड्राइव्ह जोडायची सोय आली. आली खरी, पण ती चालू केली की व्हायरस शिरण्याची भीती, आणि त्याहून वाईट म्हणजे काम होण्याची. ही शिस्त यंत्रापुरतीच ठेवणे अन्यायाचे आहे. मारेगावच्या सरकारी कार्यालयात खिडकीसमोर उभ्या असलेल्या शेतकऱ्यालाही थेट पाहू नये. तो मारेगावातच उभा असल्याचा दाखला आधी जिल्ह्याच्या ठिकाणाहून, यवतमाळहून यावा. दाखला अर्थातच पेन ड्राइव्हमध्ये.