बेताचे साम्राज्य

साम्राज्याचा विस्तार किती त्वरेने करावा, हा प्रश्न संसारी माणसाच्या वाट्याला सहसा येत नाही, आणि ज्यांच्या वाट्याला तो आला त्यांनी उत्तर ठरविण्यापूर्वी थांबून विचार केल्याचा दाखला इतिहासात क्वचितच सापडतो. माझी सारी नोकरी दुसऱ्यांच्या जमाखर्चाची तपासणी करण्यात गेली. माझ्या हुकमतीची हद्द घरातील संगणकाच्या मेजापलीकडे जात नाही, आणि त्या मेजावरही सकाळच्या वेळी सौभाग्यवतींची निवडायची भाजी पसरलेली असते. असे असूनही रात्रीची जेवणे आटोपली, की आकाशगंगेतील कोणता मुलूख आधी घ्यावा आणि कोणता तूर्त सोडून द्यावा या चिंतेने मी ग्रस्त होतो, याचे सारे श्रेय ‘मास्टर ऑफ ओरायन’ या खेळाला आहे.

स्टीव्ह बार्सिया आणि त्यांच्या सिमटेक्स कंपनीने हा खेळ १९९३ साली तयार केला. त्यातील चित्रे पाहून आजच्या मुलांना हसू येते. मला ती सुबक वाटतात, पण माझ्या आवडीला घरात मत नाही. ॲलन एम्रिच या अमेरिकन समीक्षकाने त्याच वर्षी या खेळाविषयी लिहिताना अशा खेळांचे चार पुरुषार्थ सांगितले: शोध, विस्तार, विनियोग आणि संहार. आपल्या चार पुरुषार्थांच्या शेवटी निदान मोक्ष तरी आहे. असो. यांपैकी शोधाचे काम टेहळणीची जहाजे परस्पर उरकतात, विनियोग हा माझ्या नोकरीचाच विषय, आणि संहाराला लागणारी प्रकृती मला कधीच लाभली नाही. सारा घोळ होतो तो विस्तारापाशी.

खेळाचा प्रारंभ इसवी सन २३०० मध्ये होतो. त्या साली आपल्या पदरी राजधानीचा एक ग्रह, टेहळणीची दोन जहाजे आणि वसाहतीचे एकच जहाज असते, आणि इंधन असे बेताचे, की वसाहतीच्या जहाजाला तीन पार्सेकांपलीकडे पाऊल टाकता येत नाही. प्रत्येक ग्रहाच्या उत्पन्नाची वाटणी जहाजे, संरक्षण, उद्योग, पर्यावरण आणि संशोधन या पाच खात्यांत करावयाची. वसाहतीचे दुसरे जहाज बांधावयाचे म्हटले, तर राजधानीचा वसूल वर्षानुवर्षे त्यातच जिरतो, कारखाने उभे राहत नाहीत, संशोधक मंडळी हातावर हात ठेवून बसतात. आणि एवढा खजिना ओतून जे जहाज निघते ते वीस लाख रयत घेऊन अशा ग्रहावर उतरते, की जेथे ना कारखाना, ना शिबंदी, ना दमडीचा महसूल. हिशेबतपासनिसाच्या दृष्टीने ही शुद्ध उधळपट्टी होय, आणि म्हणून राजधानीत शेवटचा कारखाना उभा राहीपर्यंत दुसऱ्या जहाजाला मंजुरी द्यावयाची नाही, असे माझे प्रथमपासूनचे धोरण होते.

माझ्या पुतण्याचे धोरण एका शब्दाचे आहे. “पसरा!” तो माझ्या खुर्चीमागे उभा राहून म्हणतो. “काका, अहो पसरा ना! कारखाने काय, मागाहून होतील. ग्रह राहील का मागाहून?” या मुलाने आयुष्यात कधी शिल्लक जुळविलेली नाही, त्यामुळे त्याच्या मताकडे मी काही काळ दुर्लक्ष केले, परंतु दुर्दैवाने गणित त्याच्या बाजूचे निघाले. या खेळातील लोकसंख्येची वाढ पिएर फ्रान्स्वा फेरहुल्स्ट या बेल्जियन गणितज्ञाने १८३८ साली मांडलेल्या सूत्राच्या धर्तीवर चालते: ग्रह रिकामा असताना ती रेंगाळते, काठोकाठ भरत आला की मंदावते, आणि ग्रह अर्धा भरलेला असताना सर्वांत जोमात असते. म्हणजे गच्च भरलेल्या राजधानीतून माणसे बाहेर धाडली तर राजधानीचे फारसे काही बिघडत नाही, त्यांची जागा ती स्वतःच त्वरेने भरून काढते. उलट ज्या राजधानीच्या भरभराटीचा मला अभिमान वाटत होता, तीच भरून जाऊन खुंटलेली असते. हे मला वहीची कित्येक पाने भरल्यावर उमगले. पुतण्याला ते पाळण्यातच ठाऊक असावे.

तथापि पसरावयाचे ते कोठे? नकाशावरील एखाद्या ताऱ्याकडे बोट करून मी जहाज पाठविण्याच्या बेतात असतो, तोच पाठीमागून सौभाग्यवतींचा प्रश्न येतो, “तिथे पाणी आहे का?” त्यांनी आजवर पाहिलेल्या प्रत्येक जागेविषयी हाच प्रश्न प्रथम विचारला आहे, आणि अनुभवान्ती मला असे म्हणणे भाग आहे, की समग्र युद्धशास्त्रात याहून मार्मिक प्रश्न नसेल. या आकाशगंगेतील समुद्रमय आणि अरण्यमय ग्रह सुरुवातीपासून वसवता येतात. पण ओसाड, गोठलेले, अग्निमय, विषारी आणि किरणोत्सर्गी अशा ग्रहांवर पाय ठेवण्यासाठी तशी विद्या आधी हस्तगत करावी लागते. म्हणून वेगाचा निकाल बहुधा शेजारच्या दोन-तीन ताऱ्यांभोवती दैवाने काय ठेवले आहे यावरच लागतो. याला अपवाद सिलिकॉइड नामक शिलारूप जमातीचा. या मंडळींना विषाचे वावडे नाही, धुराची फिकीर नाही, कोठेही बदली करा, तक्रारीचा अर्ज येत नाही; मात्र त्यांची प्रजा इतक्या सावकाश वाढते, की मुलूख मिळाला तरी तो भरणार कोण, ही विवंचना उरतेच. सक्रा जमातीचे सरडे याच्या नेमके उलट. पुतण्या नेहमी त्यांच्याच बाजूने खेळतो.

विस्ताराचा आणखी एक दोष मला फार जाचतो. जोवर आपण आपल्या कोपऱ्यात स्वस्थ असतो, तोवर कुणाचीही ओळख होत नाही. आपल्या इंधनाची मजल शेजाऱ्याच्या वसाहतीला जाऊन भिडली, की त्याचा वकील दरबारात हजर होतो. त्याच्याशी व्यापाराचा तह करावा, तर पहिली काही वर्षे तह तोट्यात चालतो. न करावा, तर सरहद्दीवर त्याची जहाजे घिरट्या घालू लागतात.

एवढे सारे करावयाचे कशासाठी, याचे उत्तर महासभेत मिळते. आकाशगंगेतील राज्ये ठरावीक काळाने एकत्र जमून सम्राट निवडतात; मते लोकसंख्येच्या प्रमाणात असतात, आणि निवडून येण्यास दोनतृतीयांश मते लागतात. पुतण्या पसरतो तो या दोनतृतीयांशांसाठी. मी मात्र त्याच नियमाचे दुसरे अंग हेरले आहे: ज्याच्या हाती एकतृतीयांशाहून किंचित अधिक मते आहेत, तो स्वतः सम्राट होवो न होवो, दुसऱ्या कुणाला होऊ देत नाही. मला सम्राट व्हावयाचे नाही. दुसरा कुणी होऊ नये, एवढीच माझी माफक अपेक्षा आहे, आणि तेवढ्यापुरता जो वेग लागेल तोच माझा वेग. या हिशेबाने परवा मी बांधणीस घेतलेले वसाहतीचे जहाज रद्द करून त्या रकमेत सरहद्दीच्या ग्रहांवर क्षेपणास्त्रांचे तळ बांधण्याचे फर्मान काढले.

“काका, हे साम्राज्य नव्हे,” पुतण्या हताशपणे म्हणाला, “ही सोसायटीची कमिटी झाली.”

सौभाग्यवतींनी एवढेच विचारले, “मग अध्यक्ष कोण?”

सभा तहकूब झाली असल्याचे मी त्यांना सांगितले.