खाली सिनेमा, वर खोल्या : नवशिक्यांसाठी

मालवणच्या किनाऱ्यावर आठ खोल्यांचं घरगुती लॉज असेल आणि खालची पडवी रिकामी पडली असेल, तर एक ना एक दिवस कुणीतरी म्हणणारच, "हयसर पिक्चर लावया मां?" त्या क्षणी उठून वेळेवर फिरायला गेलात तर तुम्ही शहाणे. बसून राहिलात तर पुढचं वाचा.

प्रोजेक्टर नंतर, आधी कॅलेंडर. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्याच दिवसांत सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या थांबतात, स्कूबावाले घरी बसतात आणि पर्यटक नाहीसे होतात. म्हणजे वरच्या खोल्या ओस आणि गावातले प्रेक्षक मोकळे. सिनेमाचा हंगाम तो हाच. दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत खोल्यांनी कमवायचं आणि पावसात ते सिनेमानं खायचं, हा या धंद्याचा एकमेव हिशेब. तो वर्गणीदारांना पहिल्याच बैठकीत सांगा. दुसऱ्या बैठकीला कोण येतं ते बघा.

आता अडचण पत्र्याची. आषाढातला पाऊस पत्र्यावर कोसळू लागला की पडद्यावरच्या माणसाचे नुसते ओठ हलतात. आवाज वाढवू नका. पाऊस तुमच्यापेक्षा जास्त वाढवू शकतो. मूकपट लावा. फाळक्यांचा 1913 सालचा 'राजा हरिश्चंद्र' जेवढा शिल्लक आहे तेवढाही पुरतो. त्यात तारामती झालेले अण्णा साळुंके हे फाळक्यांना मुंबईच्या ग्रँट रोडवर एका हॉटेलात काम करताना सापडले होते. ही हकीकत आपल्या लॉजच्या आचाऱ्याला मात्र सांगू नका, माशाला मीठ लावायचं राहून जाईल. प्रेक्षकांना पुरुषानं लुगडं नेसण्याचं काहीच नवल वाटणार नाही. दशावतार बघत वाढलेली माणसं ती. मागच्या रांगेतून फक्त निकाल येईल : "साडी बरी नेसूक नाय."

पडदा म्हणून खोलीतली चादर लावायची सवय लावून घेऊ नका. सहा नंबरातलं जोडपं रात्री दहाला चादर मागायला खाली येतं आणि तेव्हा नेमका नायक मरत असतो. टाकीची मोटर खेळाच्या वेळी चालू करू नका; चित्र पिवळं पडतं. वरच्या पाहुण्याला अंघोळ हवी असेल तर मध्यंतरापर्यंत थांबायला सांगा. खाऱ्या हवेत स्क्रू गंजतात, लेन्सला बुरशी येते, म्हणून यंत्र कोरड्या बंद पेटीत ठेवा. त्या पेटीत सुकी मासळी ठेवणाऱ्याला समितीवर घेऊ नका.

कायदा थोडक्यात. जाहीर खेळासाठी सिनेमाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, दाखवण्याचे हक्क विकत घ्यावे लागतात. पुतण्यानं पेन ड्राइव्हवर आणलेला सिनेमा यांपैकी कशातच बसत नाही. फिल्म सोसायटी काढायची असेल तर परंपरा मोठी आहे : देशातल्या सोसायट्यांचा महासंघ 1959 साली झाला, अध्यक्ष सत्यजित राय. तुमच्या समितीचा अध्यक्ष बहुधा मंडपवाला असेल. खुर्च्या त्याच्याच आहेत.

पहिला बोलपट कोणता? माझं मत 'श्वास'. नातवाच्या डोळ्यांसाठी त्याला शहरातल्या डॉक्टरकडे नेणारा कोकणातला आजोबा इथं कुणाला समजावून सांगावा लागत नाही. शिवाय तो काढला मित्रांनी पैसे गोळा करून, आणि 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी मराठीत सुवर्णकमळ आलं ते त्याच्यामुळे. वर्गणीच्या बैठकीत हा दाखला दोनदा द्यावा.

प्रेक्षक गप्प बसतील ही अपेक्षा सोडा. खलनायक दाराआड दिसला की "मेल्या, फाटी बघ!" ही सूचना जाणारच. गावातल्या नाटकाची फजिती हाच ज्याचा विषय, ते गवाणकरांचं 'वस्त्रहरण' ज्या मुलुखानं डोक्यावर घेतलं, तिथं शांततेची पाटी लावणं म्हणजे पाटी फुकट घालवणं. पुण्याहून 'निवांतपणासाठी' आलेल्या पाहुण्यांना वरच्या मजल्यावर मागची खोली द्या.

हिवाळ्यात कार्यक्रमपत्रिका छापायची घाई करू नका. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख कौल घेऊन ठरते, आणि ती ठरली की खोल्या, पडवी, जिन्याखालची जागा सगळं चाकरमान्यांनी भरतं. गावात दशावतार असेल त्या रात्री तर दारही उघडू नका. तो उजाडेपर्यंत चालतो, तुमचा सिनेमा दोन तासांत संपतो. इथल्या माणसाला ती फसवणूक वाटते.

जुलै संपत आला की खुर्च्या मोजून ठेवा. ऑगस्ट लागला की प्रेक्षक जाळी घेऊन दर्यात जातात, आणि मंडपवाल्याला गणपतीसाठी एकूण एक खुर्ची परत हवी असते.